शिवलकरांचं हलकं पाणी

पाण्याच्या बाबतीत सखाराम शिवलकराला कुणी शहाणपण शिकवू नये. निदान सखारामाचं स्वतःचं तरी तसं मत होतं. आगबोटीच्या इंजिनात तेलवाला म्हणून त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. एडनपासून रंगूनपर्यंतच्या बंदरांचं पाणी बॉयलरात जाताना कसं जातं आणि आत काय काय थर चढवून ठेवतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरी संपवून रत्नागिरीत मांडवीवरच्या आपल्या घरी येऊन बसला तो हे ज्ञान घेऊनच. "बॉयलर पाण्यावर जगतो नि पाण्यानंच मरतो," असं तो ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी बॉयलर पाहिला नव्हता, तेही मान डोलवत, कारण सखारामाच्या तबकात पान चांगलं असे.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरच्याच विहिरीचं पाणी महा जड. दिसायला नितळ, चवीला बरं, पण साबण लावला की फेस यायचा सोडून नासलेल्या दुधासारखे गोळे यायचे. डाळ सकाळी चुलीवर चढवली तर तिचा न् पाण्याचा समेट व्हायला दुपार उजाडायची. आणि वाल! मोड आणलेले, सोललेले, तास न् तास रटरटवलेले वाल ताटात पडले की गोट्यांसारखे घरंगळायचे. सखारामाची बायको येसूबाई म्हणायची, पाणी वाईट. शेजारणी म्हणायच्या, हात वाईट. सखाराम कुणाच्याच बाजूने बोलत नसे, कारण त्याला त्याच हातचं जेवायचं होतं.

हे सगळं चाललं असतं, पण वालांनी कमळाचं लग्न मोडलं. कमळा त्यांची एकुलती एक मुलगी. चिपळूणचे लोक तिला बघायला आले, मुलगी पसंत पडली, पानं मांडली गेली आणि मुलाचे मामा उसळीचा घास चावताना एकदम थबकले. मग त्यांनी तोंडातून काहीतरी काढून रुमालात बांधलं. तो वाल नव्हता, दात होता. चार दिवसांनी निरोप आला की मुलीच्या हाताला शिजवण नाही. त्या रात्री कमळा जेवली नाही. परसात तोंड फिरवून बसलेली लेक सखारामाने पाहिली. इतक्या बंदरांचं पाणी ओळखणारा बाप, आणि लेकीचा संसार घरच्या विहिरीत बुडतोय!

अशात दुसरं स्थळ चालून आलं. दाभोळचे आत्माराम बोरकर. सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला, मिठागरांवर देखरेख करणारे. करड्या शिस्तीचा माणूस. मुलगा मुंबईत छापखान्यात, निर्व्यसनी, एकटा. वैशाखात आपण, आपली बायको आणि मुलगा असे बघायला येऊ, जेवायलाच येऊ, असं त्यांनी कळवलं. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

"वालांचं काय करू?" एवढंच येसूबाईने विचारलं.

"वालांचं नाय, पाण्याचं करतो," सखाराम म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत बसला.

पाण्याचा जडपणा काढणारी यंत्रं मुंबईत मिळतात हे त्याने बोटीवरच्या साहेबाकडून ऐकलं होतं. फोर्टातल्या एका पारशाच्या दुकानात ती सापडली. लहान, मधलं आणि मोठं, अशी तीन एका रांगेत उभी होती. बिचारा पारशी लहानापाशीच उभा राहून समजावत होता की तीन माणसांच्या घराला हे पुष्कळ झालं. पण सखारामाची यंत्र पारखायची स्वतःची रीत होती. ज्या यंत्राला पितळ जास्त, त्याला अक्कल जास्त. मोठ्याला पितळेच्या तीन तोट्या, पितळेचं झाकण आणि घड्याळासारखी एक तबकडी होती. पारशी हात जोडून म्हणाला, "बाबा, ए तो धोबीखान्यासाठी छे." त्यावर सखारामाने आम्ही काय उघडे हिंडतो का, असं विचारून त्याला गप्प केलं. घासाघीस त्याने मनसोक्त केली, पण ती मोठ्याच यंत्रासाठी.

यंत्र चालवायची रीत पारशाने नीट सांगितली. आत एक करड्या रंगाची वाळू असते. वरून विहिरीचं पाणी सोडायचं, वाळू त्यातला जडपणा धरून ठेवते, खालून हलकं पाणी येतं. काही दिवसांनी वाळू भरते. मग मिठाचं दाट पाणी पाजायचं, थोडं थांबायचं, ते सगळं गटारात सोडून द्यायचं, साध्या पाण्याने धुवायचं, की यंत्र पुन्हा नवं. हे ऐकताना सखाराम मान हलवत होता. का होतं ते त्याला कळलं नव्हतं, पण आपल्याला कळलं नाही हे त्याने पारशाला कळू दिलं नाही.

रत्नागिरीच्या बंदरात बोटीतून पडावात, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीत, आणि पडावातून धक्क्यावर यंत्र उतरवताना अशी गर्दी झाली की सखारामाची छाती फुगली. काहींना ती तोफ वाटली, काहींना अत्तराची भट्टी. न्हाणीच्या भिंतीला लागून ते उभं केलं, वर माळ्यावर टाकी बसवली, नळ्या जोडल्या, जिथं गळलं तिथं सुतळी आणि राळ भरली. रहाटाने पाणी ओढून टाकी भरायची, तोटी फिरवायची. खालच्या नळीतून पाणी आलं. ते दिसायला अगदी विहिरीसारखंच होतं, त्यामुळे सगळ्यांची जरा निराशा झाली.

मग सखाराम पहिल्यांदा त्या पाण्याने अंघोळीला बसला. साबण अंगाला लावला मात्र, फेसाचे डोंगर उठले. तो धुवायला लागला तर अंगाचा बुळबुळीतपणा जाईना. तांब्यामागून तांब्या ओतला, टाकी संपली, ती पुन्हा भरवली, तरी सखाराम आपला बोंबलासारखा निसरडाच. साबण आत मुरला की काय या भीतीने तो शेवटी तसाच धोतर गुंडाळून बाहेर आला. तिकडे येसूबाईने जन्मभराच्या सवयीने पहाटेच या पाण्यात वाल चढवले होते. दुपारी झाकण काढलं तर वाल नाहीत! वालांची खीर झाली होती. कमळाने ती पळीने उचलून पाहिली आणि ती खळखळून हसली. चिपळूणकर गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. सखारामाला वाटलं, यंत्राचं सार्थक झालं.

खरी अडचण उभी राहिली ती मिठावरून.

धोबीखान्याचं यंत्र ते, त्याची भूकही तशीच. सखारामाने मिठाचं पोतं आणलं आणि येसूबाईला सगळी रीत समजावली. वाळू जडपणा गिळते, पोट भरलं की मीठपाणी पाजायचं, की सगळं ओकते, आणि ते ओकलेलं परसात सोडून द्यायचं. येसूबाईने बाकी सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या वाक्याला ती उभीच राहिली.

"मीठ सांडायचं?" ती म्हणाली. "अवो, सांडलेल्या मिठाचा खडा न् खडा वर गेल्यावर पापण्यांनी वेचायला लागतो. पोतंभर मीठ मी कदी वेचू?"

"मी येईन मदतीला."

"तुमच्या पापण्या इंजिनात जळल्यात."

 बोटीवर चीफसाहेब असा एक हुकूम द्यायचा आणि तो पाळला जायचा. तसाच हुकूम त्याने दिला आणि येसूबाई गप्प राहिली. बायको गप्प राहिली म्हणजे ऐकलं, असं सखाराम समजला. हयात बोटीवर गेल्यामुळे घरातल्या काही गोष्टी शिकायच्या राहून गेल्या होत्या.

आता ते साल कुठलं होतं हे सांगितलं पाहिजे. देशात मिठावरून रण पेटलं होतं, ते साल. समुद्राचं पाणी आटवून मूठभर मीठ केलं की तुरुंग, आणि तुरुंगात जायला माणसं रांगा लावत होती. शिरोड्याला सत्याग्रह झाला, त्याच्या बातम्या प्रत्येक पडावातून येत होत्या. शिवलकरांच्या शेजारचा बाळा तोडणकर, आळीच्या तोंडाशी शिवणकाम करणारा, खादीची टोपी घालून शिरोड्याला निघालाही होता. पण आईने गळ्याची शपथ घालून त्याला परत फिरवला. तेव्हापासून तो तळमळत होता. आपल्या मांडवीवर काहीच कसं होत नाही, या विचाराने त्याला शिवण सरळ घालता येत नव्हती. सखाराम स्वतः या भानगडीपासून चार हात लांब होता. व्याही मीठ खात्यातले व्हायचे होते ना!

बोरकर मंडळी यायच्या दिवशी पहाटे सखारामाने यंत्राला मीठपाणी पाजलं. पाव्हण्यांची डाळ ताज्या, धुतल्या वाळूच्या पाण्यात शिजली पाहिजे होती. तोट्या फिरवल्या, खारं पाणी परसाकडे सोडलं, वाळू धुऊन घेतली, स्वयंपाकाला घागरभर हलकं पाणी काढून दिलं, टोपी घातली आणि तो पाव्हण्यांना आणायला बंदरावर गेला.

परसाकडच्या नळीच्या तोंडाशी येसूबाई हंडा लावून बसली होती, हे त्याने पाहिलं नाही. हंडा भरला, मग कळशी भरली, मग घंगाळ, मग शेजारून मागून आणलेलं पिंप. थेंब सांडू दिला नाही तिने. पण ऊन वर आलं तसं तिच्या ध्यानात आलं की पाव्हणे जेवायला यायचे आणि घरातलं प्रत्येक मोठं भांडं खारट पाण्याने भरलेलं! ओतून द्यायचं म्हणजे पापण्यांचा प्रश्न पुन्हा आला. मग तिने साध्या माणसाला सुचेल तेच केलं. गूळ करायची जुनी काहील परसात तीन दगडांवर चढवली, खाली जाळ घातला आणि पाणी आटवायला घेतलं. पाणी उडून जाईल, मीठ मागं राहील, भांडी मोकळी होतील. यात सरकारचा काही संबंध येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

कुंपणापलीकडून बाळा तोडणकराने धूर पाहिला, वाकून काहील पाहिली, काठाला जमलेला पांढरा थर पाहिला.  शिवलकर काका! मुंबईहून यंत्र आणलं ते यासाठी! मशीन सगळ्यांदेखत उतरवलं, वर पाण्याची गोष्ट सांगून सगळ्यांना फसवलं, आणि आज उघड्यावर कायदा मोडला! दुकानाला कुलूप ठोकून, वाटेत भेटेल त्याला सांगत तो हार आणायला धावला.

इकडे सखाराम पाव्हण्यांना घेऊन बंदरावरून येत होता. आत्माराम बोरकर उंच, काळे, छत्रीसारखे ताठ. त्यांच्या पत्नी सोनूबाई बुटक्या आणि कमी बोलणाऱ्या. मुलगा खाली मान घालून चालणारा. सखाराम त्यांना पाण्याच्या जडपणाबद्दल सांगत होता. वाटेत मात्र चमत्कारिक गोष्टी व्हायला लागल्या. वाण्याने दुकानातून उठून सखारामाला नमस्कार केला. एका म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदराने डोळे पुसले. दोघे तरुण "काका, आम्ही मागे आहोत" असं म्हणून खरंच मागे चालू लागले. लेकीला स्थळ आलंय म्हणून गाव इतकं आनंदलं असेल, असं सखारामाला वाटलं. पण आजवर या लोकांनी कमळाची चौकशीसुद्धा केली नव्हती. तो गोंधळून गेला. बोरकरांची नजर मात्र या रांगेकडे वळून वळून जात होती.

घरी पोचतात तो परसातून जयघोष! सगळे तसेच पुढे घुसले. परसात निम्मी आळी जमलेली, मधे रटरटणारी काहील, धुरात डोळे चोळत येसूबाई आणि हार हातात घेऊन बाळा तोडणकर. सखाराम दिसताच बाळाने हार त्याच्या गळ्यात घातला. काहिलीच्या काठाला चिकटलेला पांढरा थर बोरकरांनी पाहिला आणि त्यांचा चेहरा सरकारी झाला.

"शिवलकर, हे काय चाललंय?"

सखारामाला खरोखरच ठाऊक नव्हतं. काहील का पेटलीय, हार का घातला, लोक का ओरडतायत, यातलं एकही त्याला सांगता येईना. तो नुसता येसूबाईकडे बघत राहिला.

"मीठ करतोय," येसूबाईने पदर सावरून सरळ सांगितलं.

 बाळा तोडणकराने टोपी सरळ केली. सखारामाच्या डोळ्यांपुढे कमळा उभी राहिली, परसात तोंड फिरवून बसलेली. गेलं, हेही स्थळ गेलं, आणि या खेपेला बापही तुरुंगात गेला!

बोरकरांनी हे मीठ समुद्राच्या पाण्याचं का, असं विचारलं. येसूबाईला रागच आला. समुद्राचं कशाला, रीतसर दुकानातून विकत आणलेलं मीठ, पोतं अजून पडवीत आहे. मग ते पाण्यात का घातलं? यंत्राला पाजायला. यंत्राने प्यायलं, तर इथं कसं आलं? ओकलं म्हणून. बोरकरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मिठावरचा कर भरलेला, मग ते विरघळलं, मग यंत्रातून फिरलं, आणि आता पुन्हा मीठ होतंय. हे नवीन मीठ करणं धरायचं की जुनं मीठ वाळवणं धरायचं, हे त्यांच्या खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हतं. इतकी वर्षं नोकरी झाली, पण मीठ ओकणाऱ्या यंत्राशी त्यांची गाठ पडली नव्हती.

शेवटी त्यांनी काठावरचा थर बोटाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की सोनूबाई पुढे धावल्या. विहिरीतला सगळा जडपणा त्यात उतरलेला, कडूजहर!

"हे मीठच नव्हे," बोरकर थुंकून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. मीठ नाही, म्हणजे गुन्हा नाही. जिभेवरचं ओझं आणि डोक्यावरचं ओझं एकदमच उतरलं. सखारामानेही श्वास सोडला. गोष्ट इथंच मिटायची.

पण येसूबाई काहिलीपुढे येऊन उभी राहिली. "मीठ नाय कसं? पोतं दाखवू? माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेलंय. सकाळपासून धुरात डोळे जाळतंय ते काय चुनखडीसाठी? मीठच हाय ते."

"अगो, नाय म्हणतात तर नाय," सखाराम कळवळून म्हणाला.

"का नाय? माझं मीठ हाय, मी नाय कशी म्हणू?"

बाळाला हे ऐकून स्फुरण चढलं. हे मीठच आहे असं जाहीर करून त्याने त्याची चांगली मूठ तोंडात टाकली आणि सर्वांच्या देखत गिळली. मग त्याचा चेहरा आधी शूर, मग विचारमग्न आणि मग फारच घाईचा झाला. पोट धरून तो कुंपणावरूनच घराकडे पळाला. पुढारीच गेल्यावर जमलेली माणसं थोडा वेळ घुटमळली आणि अटक होत नाही असं पाहून पांगली.

राहिले पाव्हणे. बोरकर येसूबाईकडे बघत होते. ती अजून हटून उभी होती. त्यांच्या ताठ चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मिठाच्या नोकरीत केस पांढरे झाले माझे," ते सावकाश म्हणाले. "पोत्यावर बसून मीठ नाही म्हणणारी माणसं रोज भेटतात. सरकार नाही म्हणतंय नि घरचं माणूस आहे म्हणून भांडतंय, हे आज पहिल्यांदा पाहिलं. या घरातली मुलगी आमच्याशी कधी खोटं बोलणार नाही, विहीणबाई."

विहीणबाई! हा एकच शब्द सखारामाच्या कानात शिरला. दारामागे कमळाच्या बांगड्या वाजल्या.

जेवण अप्रतिम झालं. कमळाने हलक्या पाण्यात शिजवलेले वाल लोण्यासारखे उतरले होते, डाळ एकजीव होती. सोनूबाईंच्या तोंडात मोजकेच दात उरले होते. त्या कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्या आणि तीनदा उसळ वाढून घेतली. पानं उचलल्यावर सखाराम पुन्हा पूर्वीचा सखाराम झाला. त्याने यंत्राचं झाकण उघडून दाखवलं, तोट्या फिरवून दाखवल्या, तबकडी पुसून दाखवली. सोनूबाई एकटक बघत होत्या.

सुपारी फोडताना बोरकर म्हणाले की आम्हाला हुंडा नको, मानपान नको, सोनं तुमच्या खुशीचं. फक्त आमच्या मंडळींचं एक लहानसं मागणं आहे.  काय हवं ते मागा, शब्द दिला, असं सखाराम छातीवर हात ठेवून म्हणाला.

सोनूबाई त्या दिवसात पहिल्यांदाच बोलल्या. "दाभोळचं पाणी पण लय जड हाय," त्या म्हणाल्या.

लग्न ज्येष्ठ लागायच्या आत झालं. समुद्र खवळण्याआधीचा शेवटचा पडाव ठरवला होता. बंदरावर पाठवणीला सगळी मांडवी लोटली. आधी यंत्र चढवलं, गोणपाटात गुंडाळून, दोरखंडांनी बांधून. मग कमळा चढली. सखाराम आतापर्यंत धीराने उभा होता. पडावाची दोरी सुटली आणि तो ढसाढसा रडायला लागला. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज बघा कसं असतं. आपण लेकीसाठी रडतोय की गोणपाटातून डोकावणाऱ्या त्या पितळेच्या तोटीसाठी, हे खुद्द सखारामालाच नीट कळत नव्हतं.

कमळाचेही डोळे भरले होते. पडावाच्या काठावरून वाकून ती म्हणाली, "आप्पा, रडू नका. दिवाळीला मी येते माहेरी."

"एकटीच?" सखारामाने हुंदका आवरत विचारलं.

जावई चटकन उठून उभा राहिला. सासऱ्यांची माया पाहून तो अगदी विरघळला होता. हात जोडून तो म्हणाला की तिला एकटीला कशी पाठवीन, मीही सोबत येईन.

सखारामाने त्याच्याकडे बघितलं, उपरण्याने नाक पुसलं आणि या बरं, असं हळूच म्हणाला.